बांधलेला काटा

"साहेब, तुमच्या कानात काय आहे?"

माइकमधून आपलाच आवाज मैदानभर घुमला, तेव्हा शाल्मली सातपुतेला एकदम कळलं की आपण खरंच विचारून बसलो! मागच्या रांगेत तिची मैत्रीण हुमेरा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. पैज तिनेच लावली होती. "स्टेजवरच्या सगळ्यांच्या कानात कायतरी हाय बघ, कातडीच्या रंगाचं. मागनं कुणीतरी उत्तरं सांगतंय. कॉपी चाललीय नुसती! हिंमत असली तर विचार. विचारलंस तर भडंग माझ्याकडनं."

दहावीतल्या मुलीला कॉपी ओळखता येणार नाही, तर कुणाला? आणि गेल्याच महिन्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल घरी आणलेल्या शाल्मलीला हिंमत काढलेली अजिबात खपत नसे. ती उठली, ताडताड चालत माइकपाशी गेली आणि विचारून मोकळी झाली.

पालकमंत्री हसले. त्यांना हसायची सवय होती. "बाळ, माझ्या कानात तुमचा आवाज आहे! जनतेचा आवाज. वय झालं ना आता, तो ऐकायला यंत्र लागतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल्मलीनेही टाळ्या वाजवल्या, कारण उत्तर भारी होतं. मग मंत्र्यांनी माइकवर तळहात ठेवला आणि शेजारच्या अधिकाऱ्याकडे झुकून हसतमुखाने काहीतरी पुटपुटले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मैदानाच्या पार मागे, भिंतीपाशी, एक माणूस मात्र ताडकन उभा राहिला. ते अप्पा होते, शाल्मलीचे वडील. त्यांनी दोन्ही हात वर केले, दोन बोटं जोडली आणि झटक्यात विलग केली.

यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांची ती खूण होती. धागा तुटला.

"झालं," शाल्मली मनात म्हणाली. "आता सगळी वळून बघणार." आणि सगळी वळून बघू लागली. प्रेमाने, कीव करत, हसत.

सुताळे हे यंत्रमागांचं गाव. एके काळी एसटीत झोपलेल्या माणसाला गाव आल्याचं कानांनी कळायचं. गल्लोगल्ली रात्रंदिवस खट-खट-खट-खट. मग मोठी मंदी आली. कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही, सूत उधारीवर मिळेना, नागरी बँकेचं शटर खाली आलं ते आलंच. लोकांनी मोर्चे काढले. विजेचा दर कमी करा, सुताचा भाव बांधून द्या, निदान बँकेत आमचंच आहे तेवढं आम्हाला काढू द्या! पुढाऱ्यांनी ऐकून घेतलं, समिती नेमली, समितीवर दुसरी समिती नेमली. आणि मग गावाला एक गोष्ट खरोखर मिळाली. दिलासा.

दिलासा म्हणजे विजेच्या प्रत्येक खांबावर बसवलेली राखाडी पेटी. सकाळी तिच्यातून अभंग लागायचे, दुपारी सरकारी सूचना, संध्याकाळी बासरी. बाकीच्या वेळी ती गप्प असायची. पेट्या बसल्या आणि मोर्चे आपोआप विरले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, सुताळेकरांचा संयम राज्याला आदर्श आहे. शाळेने त्यावर निबंधस्पर्धा घेतली. पहिला नंबर कुणाचा आला असेल?

आणि आजच्या सभेत योजना जाहीर झाली होती. रविवारी याच मैदानावर गावाने हात वर करून संमती द्यायची, सोमवारी ट्रक येणार, सगळे माग उचलून भट्टीत वितळवायला नेणार. माणसांना मोबदला म्हणून दूर कुठल्याशा नवजीवन वसाहतीत एकेक खोली. तिथे काम काय, कुणी विचारलं नाही. कुणाला विचारावंसं वाटलंच नाही.

घरी पोचताच अप्पा सुरू झाले. मागांत आयुष्य गेलेल्या माणसांसारखे ते नेहमी ओरडूनच बोलत.

"काय बोलला तो, ठाऊक हाय का?"

"अप्पा, माइक झाकलेला होता. तुम्हाला काय ऐकू येणार? तुम्हाला तर कुकरची शिट्टी ऐकू येत नाही!"

"ऐकायला कशाला लागतंय? ओठ दिसत होते की." ते जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. शंभर मागांच्या गोंगाटात पलीकडच्या टोकाचा माणूस काय म्हणतोय, ते ही माणसं ओठांवरून वाचतात. "तो म्हणाला, 'या पोरीच्या बाजूची पेटी बंद पडलीय काय बघा.'"

शाल्मली खो खो हसली. "पेटीचा काय संबंध? हुमेरानं पैज लावली म्हणून विचारलं मी!"

"तसंच म्हणाला."

"बरं बाई, म्हणाला असेल," आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर, हल्ली सगळ्या गावाच्या असायचं तेच, छान, निवांत हसू होतं. "तुम्ही आधी जेवून घ्या. रविवारी हात वर केला की सुटलो बघा सगळ्यातनं."

अप्पांनी बायकोकडे बघितलं. मग चप्पल घातली आणि ते नदीकडे निघून गेले. हल्ली ते रोज घाटावर जाऊन बसत.

मामाही असाच जायचा. आईचा धाकटा भाऊ, तोही मागावरचाच. तोही आधी असाच ओरडायचा, की अरे तुम्हाला काय झालंय, तुम्ही हसताय काय? लोक म्हणाले, डॉक्टरला दाखवा. मग त्याने ओरडणं सोडलं. मग एक दिवस नदीवर गेला तो परत आला नाही. त्याच्या मातीला सगळं गाव होतं आणि कुणीच रडलं नव्हतं. आईसुद्धा नाही. तिने सगळ्यांना चहा विचारला होता.

अप्पांची घाटाकडे जाणारी पाठ बघताना हे सगळं शाल्मलीच्या डोक्यात आलं. आपल्याला आता भीती वाटायला हवी, हेही आलं. पाढा पाठ असावा तसं ते तिला ठाऊक होतं. पण भीती आली नाही. तिने चपातीचा रोल केला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भडंगाची पुडी घेऊन हुमेरा आली आणि दोघी कारखान्यात शिरल्या. कारखाना म्हणजे घरामागची अप्पांची स्वतःची पत्र्याची लांब शेड. भिंतीपलीकडे सभेचं मैदान. आत माग ओळीने उभे होते, प्रत्येकावर समितीने पिवळ्या रंगाची फुली मारलेली. सोमवारची फुली. एका मागावर अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं होतं, मंदी आली त्या दिवसाचं.

"माग घालवायच्या आधी एक व्हिडिओ करू या," शाल्मली म्हणाली. "चालू माग, पुढे मी, निरोपाचं भाषण. लई व्हायरल होईल!"

"पण वीज?"

"आहे की. वीज तोडली तर दिलासाच्या पेट्या पण बंद पडतील. एकाच तारेवर आहेत सगळ्या. म्हणून बिल थकलं तरी तोडत नाहीत."

तिने बटण दाबलं. माग धडाडला, दोरा वाहून नेणारा लाकडी धोटा इकडून तिकडे धावला आणि खट्! बंद. परत दाबलं. परत खट्! बंद.

"बाणा कुठाय? आडवा दोरा?" दारातून अप्पा ओरडले. "धोट्यात कांडी नाही, दोरा नाही, कसा चालंल?" ते आत आले आणि मागाच्या कडेचा एक छोटा लोखंडी काटा त्यांनी बोटाने हलवून दाखवला. जेवायच्या काट्यासारखाच, एवढासा. "ह्यो काटा आडव्या दोऱ्याला चाचपत असतो. दोरा लागला तर माग चालतो. तुटला, की काट्याला कळतं, माग थांबतो. नाहीतर भोकंभोकं पडलेलं कापड निघंल न् कुणाला पत्ता लागायचा नाही."

"मग काटा बांधून ठेवा ना थोडा वेळ!"

"रिकामा माग चालवत नाहीत, शाल्मे. आमच्यात सुतक असल्यावर माग थांबवतात, पण रिकामा कुणी चालवत नाही."

"अप्पा. सोमवारी जाणारच आहेत ते."

हे मात्र अप्पांना लागलं. ते खाली बसले, तारेच्या तुकड्याने काटा मागे बांधला आणि स्वतःच बटण दाबलं.

खट-खट-खट-खट-खट!

पत्रे थरथरले, जमीन थरथरली, दात थरथरले. किती दिवसांनी! शाल्मली आनंदाने किंचाळली, पण तिचं किंचाळणं तिलाच ऐकू आलं नाही. हुमेराने फोन धरला. शाल्मलीने केस मागे टाकले, हात पसरला, तोंड उघडलं.

भाषण आठवेना. पाठ केलेलं सगळं कुठेतरी पळून गेलं होतं. छातीत काहीतरी जड येऊन बसलं होतं आणि ते वाढत होतं. तिने अप्पांकडे बघितलं. त्यांचे गाल आत गेले होते. कधी गेले? शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. हा माणूस रोज नदीवर जाऊन बसतो आणि आपण, आपण चपातीचा रोल करून खातो?

भीती आली. इतक्या दिवसांची साचलेली, सगळी एकदम.

तिने वळून बघितलं तर हुमेरा खाली बसली होती. भडंग जमिनीवर सांडलं होतं. तिचे ओठ हलत होते. शाल्मलीने आयुष्यात पहिल्यांदा ओठ वाचायचा प्रयत्न केला, आणि ते सोपं निघालं, कारण हुमेरा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. भाईजानचा फोन नाही आला. भाईजानचा फोन नाही आला. तिचा भाऊ सुरतेला कामाला गेला होता. रमजानपासून त्याचा फोन लागत नव्हता, आणि हे ती वर्गात हवापाण्यासारखं सांगायची.

अप्पांनी घाबरून माग बंद केला.

शांतता पसरली. दोघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. हुमेराचे हुंदके चालू होते. मग ते लांबले. मग थांबले. तिने नाक पुसलं, इकडेतिकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू, दुधावर साय धरावी तसं, ते हसू आलं.

"काय झालतं गं मला?" ती म्हणाली. "अय्यो, भडंग सांडलं बघ सगळं."

शाल्मलीच्या छातीतलं ओझंही वितळत होतं. कुणीतरी आतून पाटी पुसत असल्यासारखं. थांब, थांब, जाऊ नको, ती त्या भीतीला म्हणत होती! भीतीला हाका मारणारी ती जगातली पहिलीच मुलगी असेल. ती पुरती नाहीशी व्हायच्या आत तिने पेन घेतलं आणि तळहातावर लिहिलं, 'अप्पांना एकटं सोडू नको. माग लाव.'

विज्ञानाच्या तासाला सगळ्यांनी फोनवर ध्वनिदर्शक घेतलेला होता. आवाजातले उंच-खालचे स्वर तो उभ्या रेघांनी दाखवतो. अप्पांनी मंत्र्यांच्या ओठांवरून वाचलेलं ते पेटीचं वाक्य आठवून शाल्मली खांबाखाली जाऊन उभी राहिली. पेटी गप्प होती. पडद्यावर मात्र एक बारीक, ताठ रेघ उभी होती, एकाच जागी, लयीत किंचित लवलवणारी. झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखी. गप्प पेटी गप्प नव्हतीच. ती सतत एक स्वर सोडत होती, रातकिड्यापेक्षाही बारीक, जो कानाला लागतो पण लक्षात येत नाही, जसा फ्रिजचा आवाज लक्षात येत नाही. ती दुसऱ्या खांबाखाली गेली. तीच रेघ. मैदानात गेली. तीच रेघ, जाड.

तिने अप्पांना आणून खाली बसवलं आणि फोनवरून तोच स्वर एकटा, मोठा करून त्यांच्या कानाशी धरला. तिचे स्वतःचे दात आंबले. अप्पा नुसते बघत राहिले.

"वाजलं का काय?"

मागाचा गोंगाट कानातला नेमका कुठला स्वर आधी खातो, ते विज्ञानाच्या बाईंनी एकदा शिकवलं होतं. हाच. सगळ्या सुताळ्यात दिलासा पोचत नव्हता तो फक्त मागावर कान गेलेल्या माणसांना. म्हणून तीच तेवढी वेडी ठरली होती. आणि ज्यांना तो ऐकायचाच नव्हता, त्यांच्या कानात तेवढाच स्वर अडवणारी कातडीच्या रंगाची बुचं होती. कुणीतरी जागं राहायला हवं ना, सह्या करायला!

तिने कापसाचे बोळे घालून पाहिले. रेघ बारीक झाली, पण तेवढीही पुरत होती. पाच मिनिटांत ती पुन्हा गाणं गुणगुणत होती. तळहात वाचला आणि धावत कारखान्यात गेली. माग चालू असला की तेवढ्या गोंगाटात ती रेघ बुडून जायची. दुसरा उपाय नव्हता.

शनिवारी तिने आईला हाताला धरून शेडमध्ये आणलं.

"काय गं, पीठ भिजवायचंय मला," आई हसत म्हणाली. शाल्मलीने बटण दाबलं.

आई आधी कौतुकाने मागाकडे बघत राहिली. मग तिची नजर पिवळ्या फुलीवर गेली. मग खुंटीवर गेली. तिथे मामाचा कामावरचा सदरा अजून टांगलेला होता. रोज तिथून जाताना तिने तो पाहिलेला होता, नव्हता असं नाही. ती पुढे गेली, सदरा काढला, नाकाशी धरला. आणि तिथेच खाली बसली.

शाल्मलीने असं रडणं कधी पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता त्याला, सगळा आवाज मागाचा होता. अप्पा बायकोशेजारी जमिनीवर बसले. ओठ हलले. "आलीस का?" ते म्हणत होते. "आलीस का गं?" जणू ती कुठे परगावी गेली होती आणि ते इतके दिवस घाटावर बसून तिचीच वाट बघत होते.

बऱ्याच वेळाने आईनेच उठून माग बंद केला. पण स्वर परत चढायच्या आत ती भराभर बोलली.

"परत लावू नकोस. ऐकतीस का शाल्मे? मी त्याच्या मातीला चहा विचारत फिरले. हे घेऊन मी जगू कशी? मला नको हे. त्यापेक्षा ते बरं." आणि बोलता बोलताच तिचा चेहरा सैल होत गेला. सदरा हातात तसाच होता. तिने तो घडी केला, पदराने डोळे टिपले आणि पुटपुटली, "धुवायला टाकते."

अंगात जोर होता तोवर बोलायला हवं होतं. तिने आईचा हात धरला, बसवलं, अप्पांसमोर उभी राहिली. ओठ नीट दिसतील अशी.

"मी ठरवलंय. उद्या मैदानावर हात वर करायची वेळ आली, की मी आपले सगळे माग चालू करणार. खिडक्या उघड्या टाकून. मैदानाकडच्या."

"वीज तोडतील," अप्पा म्हणाले.

"तोडू देत! पेट्या पण गप्प होतील. फायदाच आहे."

अप्पा हसले. खरं, वाकडं, थकलेलं हसू. ते लगेच मावळलं. "पोरी, तुला दोघी-तिघी रडलेल्या दिसल्या. तिथं सगळं गाव आसंल. दीड वर्षाचा राग, दीड वर्षाची मयतं, सगळ्यांच्या उरावर एका झटक्यात. समोर मंत्री, पोलीस, पोरंबाळं. काय हुईल, ठाऊक हाय तुला?"

भिंतीपलीकडे मैदानावर मांडव घालणारे हसत-खिदळत होते. कुणीतरी शिडीवर चढून पेट्या पुसत होतं.

"नाही ठाऊक," ती म्हणाली. "पण अप्पा, दोरा तुटलाय, आणि आपल्या सगळ्यांचा काटा बांधून ठेवलाय कुणीतरी. माग चालतोय, चालतोय, कापड नाहीच."

आईने वर बघितलं. शाल्मली तिच्यापुढे उकिडवी बसली.

"तुला उद्या परत रडू येणार आई. आजच्यापेक्षा जास्त. मला माफ कर, पण मी बटण दाबणार. हात वर करायचा की नाही, ते तुझं तू ठरव. फक्त ठरवेल ती तू असशील."

आई हसली. छान, निवांत. "बरं बाळ," ती म्हणाली. पण घडी केलेला सदरा तिने काही खाली ठेवला नाही.

"आणि अप्पा," शाल्मली उठत म्हणाली, "आज घाटावर जायचं नाही. मला सगळ्या मागांचे काटे बांधायला शिकवा."